खंदक, सोडत आणि तळी

उत्तर कोलकात्यात बागबाजारला ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. परमुलखात मराठी नाव दिसले की आपल्या माणसाची मान अंमळ ताठ होते. इथे तसे कारण नाही. हे नाव आपल्या गौरवार्थ नव्हे, आपल्या धास्तीने पडलेले आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी येथील काही मराठी कुटुंबांसमवेत मी या गल्लीपासून गोलदिघीपर्यंत पायी फेरी केली. वाट दाखवायला एक निवृत्त बंगाली शिक्षक होते. सारे त्यांना ‘मास्टरमोशाय’ म्हणत. इतिहासाच्या फेर्‍यांत बहुधा वाडे आणि देवळे दाखवतात. प्रस्तुत लेखकाचा पिंड सरकारी. सार्वजनिक काम कोणत्या कारणाने निघते, त्याला पैसा कोठून येतो आणि शेवटी लोकांच्या हाती काय उरते, हे मला त्या वाटेवर पाहायचे होते.

खंदकाची हकीकत अशी. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले. कोलकात्याच्या रहिवाशांनी नवाब अलीवर्दीखानाची परवानगी घेऊन शहराभोवती सुमारे सात मैलांचा खंदक खणायचे ठरवले. कंपनीने देशी व्यापार्‍यांच्या हमीवर पंचवीस हजार रुपये उसने दिले. सहा महिन्यांत तीन मैल काम झाले आणि तेथेच थांबले, कारण कोलकात्यावर मराठी फौज आलीच नाही. पुढे १७५६ साली सिराजउद्दौला आला, तो या खंदकाने अडला नाही. बागबाजारच्या मोर्चावर त्याची पहिली चढाई फसली. मग तो पूर्वेकडून शहरात शिरला आणि चार दिवसांत किल्ला त्याच्या हाती पडला. एका शत्रूसाठी खणलेला खंदक दुसर्‍याच्या कामी आला नाही, आणि पहिला तर फिरकलाच नाही. आपत्ती येण्याच्या वर्षी मंजूर झालेल्या आणि आपत्ती टळताच निधी आटलेल्या योजना ज्यांनी फायलींत पाहिल्या आहेत, त्यांना हे नवे वाटणार नाही. १७९९ मध्ये त्या रेषेवरून सर्क्युलर रस्ता काढला गेला. आज त्याच्या उत्तर भागाला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि दक्षिण भागाला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव आहे.

इथे आमच्यातल्या एका काकूंनी हळूच विचारले, “ते बर्गी म्हणजे आपलेच का हो?” त्यांची नात कोलकात्यातच वाढलेली; शेजारच्या बंगाली आजींकडून तिने बर्गींच्या नावाची अंगाई ऐकलेली होती. मास्टरमोशाय संकोचले. मी म्हटले, होय, आपलेच. ‘बर्गी’ हा ‘बारगीर’ शब्दाचा अपभ्रंश. ज्याचे घोडे आणि हत्यार सरकारचे, तो बारगीर. स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार. गंगाराम या बंगाली कवीच्या ‘महाराष्ट्र पुराणा’त या स्वार्‍यांतील जाळपोळीची आणि अत्याचारांची वर्णने आहेत. ती वाचवत नाहीत, पण वाचायला हवीत. १७४४ मध्ये अलीवर्दीने भास्करपंतांना वाटाघाटीस बोलावून मनकरा येथे दग्याने मारले, हेही खरे. त्याने गावकर्‍यांचे जळलेले धान्य परत आले नाही. १७५१ च्या तहात वार्षिक बारा लाख रुपये चौथाई ठरली आणि ओडिशाचा महसूल भोसल्यांकडे गेला. चौथाई हा मोठा विचित्र कर: वसूल करणारा त्या मुलखात ना रस्ता बांधतो, ना तळे. त्या अंगाईतही बर्गींच्या जोडीला चिंता आहे ती खाजन्याची, म्हणजे शेतसार्‍याची! पाळण्यापर्यंत पोहोचलेला महसूल-विषय दुसरा माझ्या माहितीत नाही.

याच शहरात सखाराम गणेश देऊसकरांनी शिवाजी उत्सवाची चळवळ रुजवली. हे बंगालीत लिहिणारे मराठी गृहस्थ. त्यांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये शिवाजी उत्सवावर कविता लिहिली आणि १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक कोलकात्यात आले. काकूंच्या नातीला हे दोन्ही सांगितले. दोन्हींचा मेळ तिने तिच्या वयात कसा घालावा, हे मात्र मला सांगता आले नाही.

श्यामबाजारहून दक्षिणेला निघालो की सरळ, रुंद रस्ता लागतो. आधी बिधान सरणी, पुढे कॉलेज स्ट्रीट. याचे मूळ वेलस्लीच्या १८०३ च्या टिपणात आहे. शहराचे सांडपाणी, रस्ते, बाजार यांची व्यवस्था लावण्याचा विचार त्याने त्यात मांडला. त्याच वर्षी त्याच्या फौजांनी भोसल्यांकडून कटक घेतले. एकाच मेजावर दोन्ही कागद असणार!

या कामांना पैसा आला तो सोडतीतून. १८१७ साली नेमलेल्या लॉटरी कमिटीने तिकिटे विकून रस्ते काढले, तळी खणली आणि तळ्यांभोवती चौक राखले. इंग्लंडात जुगाराच्या पैशावर टीका झाली आणि १८३६ मध्ये कमिटी गुंडाळली गेली. मला ती टीका पटते. नशिबाच्या आशेवर उभारलेल्या पैशात गरिबाचा वाटा जास्त असतो. पण हेदुआचे तळे त्याच रस्त्यावर, आणि पुढे गोलदिघी. १८७० साली पलत्याहून गाळलेले पाणी नळाने येऊ लागेपर्यंत शहराची तहान बरीचशी तळ्यांवरच होती. नळ आले तरी ही दोन तळी बुजवली गेली नाहीत. गोलदिघीत आज मुले पोहायला शिकतात.

फेरी तिथेच संपली. गोलदिघीच्या काठी डेव्हिड हेअरची समाधी आहे. घड्याळाच्या धंद्यातून मिळालेला पैसा या स्कॉटिश गृहस्थाने शाळांवर घालवला. १८४२ मध्ये तो पटकीने वारला, तेव्हा नास्तिक म्हणून त्याला ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळाली नाही. त्याला या तळ्याकाठी पुरले. मास्टरमोशाय चपला काढून त्या समाधीपाशी क्षणभर उभे राहिले. मग आम्हीही काढल्या.