स्वयंभू मूळ संख्या

देवळालीचे शाळामास्तर-गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या स्वयंभू संख्यांपैकी ज्या मूळ संख्याही आहेत त्या. सुरुवातीच्या अशा: ३, ५, ७, ३१, ५३, ९७, २११, २३३, २७७.

एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. ९१ + ९ + १ = १०१; इथे ९१ ही १०१ ची जनक. (१०० मधूनही १०१ च मिळतात, म्हणजे हिला जनक दोन.) जिला एकही जनक नाही ती स्वयंभू. गणपतीपुळ्याचा स्वयंभू गणपती पाहून आलेल्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ९७ घेऊ. जनकाच्या दशकस्थानी द आणि एककस्थानी ए असेल, तर ११द + २ए = ९७ व्हायला हवे. ९७ विषम, म्हणून द विषम. द = ९ धरला तर ९९ होतात, ९७ च्या पुढे जातात; ७ धरला तर एककस्थानी १० लागतात; त्याहून लहान द घेतला तर आणखी जास्त. जनक नाहीच.

२० पासून ११-११ ची उडी घेत ३१, ४२, ५३ अशा स्वयंभू संख्या १०८ पर्यंत येतात. तिथे घडी मोडते, पुढची ११० आणि मग पुन्हा ११ ची उडी, थेट २०९ पर्यंत. ११० पासूनच्या या साऱ्या ११ च्या पाढ्यातल्या, त्यामुळे ९७ नंतर एकदम २११ च.

स्वयंभू संख्यांची एक मालिका मात्र सूत्राने मिळते: ९ पासून सुरुवात करून आधीच्या पदात ८८, ८०८, ८००८ असे मिळवत जावे. ९७, ९०५, ८९१३, ८८९२१ मिळतात. पैकी मूळ फक्त ९७. शेवटच्या पदाला तर ७ ने भाग जातो. मूळ संख्यांच्या सूत्रांची ही जुनीच खोड. ऑयलरचे न² + न + ४१ हे ० ते ३९ पर्यंत चाळीस मूळ संख्या देते आणि न = ४० ला ४१ × ४१ वर आपटते. मिल्सचा स्थिरांक (१९४७, सुमारे १.३०६३७७) घन-घन करत नेला तर पूर्णांक भागात २, ११, १३६१ अशा मूळ संख्याच निघतात, पण त्याचे दशांश काढायला मूळ संख्याच आधी हाताशी लागतात. विहीर खणायला पाणी उसने आणण्यातला प्रकार.

कापरेकरांना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. हे परांजपे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे, केंब्रिजच्या गणित परीक्षेतले १८९९ चे सीनियर रँग्लर. स्वयंभू संख्यांवरचे इंग्रजी पुस्तक कापरेकरांनी १९६३ मध्ये देवळालीहून काढले. गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर १९७५ मध्ये लिहिले तेव्हा जगाचे लक्ष गेले. त्याच्या आधीच बर्नार्दो रेकामान या कोलंबियन गणितीने याच संख्यांवर प्रश्न मांडला होता. म्हणून त्यांना 'कोलंबियन संख्या' असेही म्हणतात. 'देवळाली संख्या' हे नाव त्याआधीचे.