गडाचे तीन अधिकारी

वांगणीहून चंदेरीचा सुळका दिसतो. परंतु गड म्हणजे केवळ कडा व टाकीं नव्हेत. जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे समान सांगतो, शिवाय कारखानीस. जातीही वेगळ्या : हवालदार-सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभु. एकटा हवालदार फितला तरी गड जाऊं नये, हा हेतु उघड आहे.

अवयवांची नुसती बेरीज म्हणजे समग्र नव्हे, हा लुडविग फॉन बर्टालन्फीच्या १९६८ सालच्या व्यवस्थासिद्धांतविषयक ग्रंथांतील विचार आम्हांस येथें चपखल वाटतो. खेद इतकाच कीं, रुमाल सोडून मोर्तबाचे कागद तेवढे वेंचणारे संग्राहक नेमका हा परस्परसंबंधच तोडतात : हवालदाराचें पत्र कोणाच्या पेटींत, अंबारखान्याचा हिशेब रद्दींत.