पाण्यात प्रकाशाचा वेग वाढतो की घटतो? दोनशे वर्षांच्या वादाचा निकाल (थ्रेड)

१/
पाण्यात अर्धवट बुडवलेली काठी वाकलेली दिसते. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाशाची दिशा बदलते, म्हणून असे घडते. परंतु पाण्यात शिरताना प्रकाशाचा वेग वाढतो की घटतो? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर युरोपातील विद्वान दोनशे वर्षे दुभंगलेले होते. निकाल लागला १८५० साली, पॅरिसमध्ये. ज्याने त्या निकालाची वाट आखली, त्याला मात्र तो प्रयोग स्वतःच्या हातांनी पुरा करता आला नाही.

२/
दिशा नेमकी किती बदलते, याचा नियम डच गणिती स्नेल याला १६२१ मध्ये सापडला होता. देकार्तने तो १६३७ साली ग्रंथातून प्रसिद्ध केला. घन माध्यमातून प्रकाश अधिक सुलभतेने जातो, असे देकार्तचे मत होते. फर्माने १६६२ मध्ये याच्या नेमके उलट गृहीत धरले : घन माध्यमात प्रकाश मंदावतो आणि कमीत कमी वेळ लागेल असा मार्ग निवडतो. नवल असे की, दोन्ही विचारांतून नियम एकच निघाला! म्हणजे केवळ कोन मोजून हा वाद मिटणार नव्हता.

३/
पुढे या वादाला मोठे नायक लाभले. हायगेन्सने १६९० च्या ग्रंथात प्रकाश हा तरंग मानला. तरंग घन माध्यमात मंदावतो म्हणून वळतो. न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये कणांच्या बाजूने कौल दिला. पाण्याजवळ येताच कण आत ओढला जातो, त्याचा वेग वाढतो आणि त्यामुळे दिशा वळते, असा त्याचा युक्तिवाद. न्यूटनच्या नावाचे वजन एवढे होते की, पुढील शतकभर कणांचेच पारडे जड राहिले.

४/
आजच्या आकड्यांत हा भेद स्पष्ट दिसतो. हवेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे आणि पाण्याचा अपवर्तनांक सुमारे ४/३. न्यूटन बरोबर असेल, तर पाण्यातील वेग ४ लाख किलोमीटर हवा. हायगेन्स बरोबर असेल, तर सव्वादोन लाख. एवढी मोठी तफावत असूनही ती तपासण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

५/
एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये यंग आणि फ्रान्समध्ये फ्रेनेल यांनी तरंगांच्या बाजूने भक्कम पुरावे मांडले. फ्रेनेलचा खंदा पाठीराखा होता खगोलशास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो. तरीही कणवादी मागे हटेनात. अखेर १८३८ मध्ये आरागोने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे एक योजना ठेवली : एक किरण हवेतून व दुसरा पाण्यातून पाठवावा, दोन्ही वेगाने फिरणाऱ्या आरशावर पाडावेत आणि कोण मागे पडतो ते पाहावे. निकाल कोणत्या बाजूने गेला तर कोणी हार मानायची, हे प्रयोगापूर्वीच ठरले.

६/
परंतु योजना कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात दुष्कर निघाली. फिरत्या आरशावरून उडणारा क्षणिक प्रकाश नेमका कोणत्या दिशेला जाईल, हे सांगता येत नव्हते. वर्षे सरत गेली. १८४८ च्या क्रांतीने आरागोला मंत्रिपदाच्या धकाधकीत ओढले. त्यातच त्याची दृष्टी क्षीण होत गेली. १८५० मध्ये त्याने अकादमीत आपली असमर्थता मान्य केली आणि ते काम तरुणांसाठी मोकळे सोडले.

७/
ते तरुण होते लेओं फूको आणि इपोलित फिझो. दोघांनी १८४५ साली एकत्र काम करून सूर्याचे छायाचित्र टिपले होते. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. फिझोने १८४९ मध्ये फिरत्या दातेरी चाकाच्या साहाय्याने हवेतील प्रकाशवेग सेकंदाला सुमारे ३ लाख १५ हजार किलोमीटर असल्याचे दाखवले होते. आता दोघेही स्वतंत्रपणे आरागोच्या प्रश्नाला भिडले.

८/
फूकोने फिरत्या आरशासमोर एक स्थिर अंतर्गोल आरसा ठेवला. त्यामुळे प्रकाश हमखास फिरत्या आरशाकडेच परत येऊ लागला आणि आरागोची मोठी अडचण दूर झाली. वाफेवर चालणाऱ्या चक्राने आरसा सेकंदाला शेकडो फेरे घेई. एका मार्गात पाण्याने भरलेली सुमारे ३ मीटर लांबीची नळी होती. एवढे अंतर हवेत कापायला प्रकाशाला सेकंदाचा दहा कोटीवा भाग पुरतो! तेवढ्या अवधीत आरसा किंचित वळतो आणि परतलेली प्रतिमा किंचित सरकते. उशीर जितका अधिक, तितकी प्रतिमा अधिक सरकणार.

९/
२७ एप्रिल १८५० रोजी निकाल फूकोच्या डोळ्यांसमोर होता. पाण्यातून आलेली हिरवट प्रतिमा हवेतून आलेल्या प्रतिमेपेक्षा अधिक सरकली होती. पाण्यात प्रकाश मंदावतो! काही आठवड्यांतच फिझो आणि ब्रेगे यांच्या प्रयोगातूनही तोच निष्कर्ष निघाला. याच विषयावर फूकोने १८५३ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरागोचे निधन झाले. त्याचा पक्ष जिंकला होता आणि ते त्याने हयातीतच ऐकले होते.

१०/
प्रकाश मंदावतो तो का? ‘तो अणूंना धडकत, अडखळत जातो’ असे अनेकदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. तसे असते, तर प्रकाश चहूकडे विखुरला असता आणि काच पारदर्शक राहिली नसती. वास्तविक प्रकाशाचा तरंग पदार्थातील इलेक्ट्रॉनांना कंप पावायला लावतो. ते इलेक्ट्रॉन स्वतःचे तरंग सोडतात. मूळ तरंग आणि हे नवे तरंग यांच्या बेरजेतून जो तरंग घडतो, त्याचे शिखर मागे रेंगाळते. पदार्थाबाहेर पडताच सोबतीला इलेक्ट्रॉन उरत नाहीत आणि प्रकाश आपल्या मूळ वेगाने जातो.

११/
मग कण कायमचे हरले का? नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइनने प्रकाशऊर्जेचे पुंज असतात असे मांडले आणि कणाची कल्पना नव्या रूपात परतली. परंतु पाण्यात वेग वाढवणारा न्यूटनचा कण काही परतला नाही. १८५० च्या प्रयोगाने ‘प्रकाश म्हणजे काय’ याचे अंतिम उत्तर दिले नव्हते. समोर असलेल्या दोन उत्तरांपैकी कोणते चुकीचे, एवढेच सांगितले होते. निर्णायक प्रयोगाची ताकद तेवढीच असते आणि विज्ञान पुढे सरकायला ती पुरेशी ठरते.