रात्रीच्या आकाशाला उसने डोळे

मे महिना सरत आला, की मुंबई-पुण्यातल्या एखाद्या इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात सकाळी एक अनोळखी पक्षी निपचित बसलेला आढळतो. हिरवी पाठ, डोळ्यांवरून गेलेली काळी पट्टी, खांद्यावर निळाईची झाक, पोटाखाली लालभडक रंग. हा नवरंग. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघतो. प्रवास करतो तो रात्री. शहराच्या झगमगाटात वाट चुकून काचेवर आदळलेला किंवा दमून खाली उतरलेला असा एखादाच आपल्या दृष्टीस पडतो. त्या रात्री त्याच्याबरोबर आणखी किती नवरंग आपल्या छपरांवरून निघून गेले, याचा हिशेब कुठेही लिहिलेला नसतो.

जगातले बहुसंख्य छोटे स्थलांतरी पक्षी रात्रीच उडतात. रात्री हवा शांत आणि थंड असते, ससाणे विसावलेले असतात, आणि दिवस पोट भरण्यासाठी मोकळा राहतो. पक्ष्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था शहाणपणाची. त्यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र मोठी अडचणीची. जे दिसत नाही ते ओळखायचे कसे आणि मोजायचे कसे? या प्रश्नाचा इतिहास पाहू लागलो, की एक गोष्ट वारंवार समोर येते. रात्रीच्या पक्ष्यांकडे पाहण्यासाठी माणसाने स्वतंत्र डोळा क्वचितच घडवला. कधी खगोलशास्त्राकडून, कधी युद्धाकडून, कधी रोगराईकडून त्याने डोळे उसने घेतले. आणि ज्याने डोळा उसना दिला, त्याचाच प्रश्न त्या डोळ्याने आधी पाहिला.

पहिला उसना डोळा दुर्बिणीचा. १८८० सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या वेधशाळेत चंद्राकडे रोखलेल्या दुर्बिणीतून डब्ल्यू. ई. डी. स्कॉट यांना चंद्रबिंबावरून सरकणाऱ्या पक्ष्यांच्या आकृती दिसल्या. पुढे १८९६च्या सप्टेंबरात विस्कॉन्सिनमधील मॅडिसन गावाबाहेरच्या टेकडीवर ऑरिन लिबी नावाचा माणूस रात्रभर कान देऊन बसला. लिबी व्यवसायाने इतिहासाचा अभ्यासक. अंधारातून येणाऱ्या पक्ष्यांच्या हाका तो मोजत राहिला आणि पाच तासांत ३,८०० हाका त्याने नोंदवल्या. चंद्र आणि कान ही दोन्ही साधने कुणालाही परवडणारी होती. १९५२ साली लुइझियानाच्या जॉर्ज लोअरी यांनी हजारावर निरीक्षकांना एकाच काळात चंद्राकडे पाहायला बसवून त्या नोंदींतून अख्ख्या खंडावरील स्थलांतराचे चित्र उभे केले.

भारतात या विद्येचा आरंभ पक्ष्यांच्या पायापासून झाला. १९२०च्या दशकात माळव्यातील धार संस्थानात रानबदके पकडून, त्यांच्या पायात क्रमांकाची धातूची कडी अडकवून त्यांना सोडून देण्यास सुरुवात झाली. या कामात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा हात होता. कडीवर मजकूर कोरलेला असे, त्याचा आशय इतकाच, की मुंबईला कळवा. पक्षी ज्याच्या हाती लागेल, मग तो शिकारी असो वा शेतकरी, त्याने ठिकाण आणि तारीख लिहून पाठवायची. कडीची ही पद्धत साधी आणि प्रामाणिक. पण ती प्रवासाची फक्त दोन टोके सांगते. बदक इथे होते आणि तिथे सापडले, एवढेच. मधल्या रात्री अंधारातच राहतात.

त्या अंधारात प्रथम डोकावले ते दुसऱ्या महायुद्धातील रडारने. शत्रूची विमाने हेरणाऱ्या ब्रिटिश रडारच्या पडद्यावर अधूनमधून असे ठिपके उमटत, ज्यांचा विमानांशी संबंध लागत नसे. यंत्र चालवणाऱ्यांनी त्यांना थट्टेने ‘देवदूत’ म्हणायला सुरुवात केली. लष्कराच्या संशोधन गटात काम करणारे पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक आणि कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज व्हार्ली यांनी १९४५ साली ‘नेचर’ नियतकालिकात रडारवर पक्षी दिसू शकतात, हे मांडले. युद्ध संपल्यावर लॅक त्याच यंत्राने स्थलांतराचा अभ्यास करू लागले. ज्या प्रतिध्वनींना लष्कर अडथळा मानत होते, तेच आता अभ्यासाचा विषय झाले.

आपल्या देशात मात्र पुढचा डोळा रोगराईने दिला. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी गोचिडांतून पसरणारा नवा विषाणू शोधून काढला. सिंधुदुर्गातील दोडामार्गच्या लोकांना गेल्या दशकात ज्या माकडतापाने छळले, तो हाच.

या विषाणूचे नाते रशियात वसंत-ग्रीष्मात उद्भवणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी जुळत होते. मग संशय बळावला, की सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तर हा रोग इथे आणला नसेल? जागतिक आरोग्य संघटनेला या शंकेत रस होता आणि सलीम अलींना पक्ष्यांत. १९५९च्या सुमारास स्थलांतराचा जो अभ्यास सुरू झाला, तो या दोहोंच्या मेळातून. भरतपूर, कच्छ, तमिळनाडूतील कोडियक्करई अशा ठिकाणी तळ पडले. पक्षी पकडायचे, ओळखायचे, मोजमापे घ्यायची, अंगावरच्या गोचिडी वेचून ठेवायच्या, पायात कडी घालायची आणि सोडून द्यायचे. यात बिहारच्या मिरशिकार समाजातील पारंपरिक पारध्यांचे कसब फार मोलाचे ठरले. त्यांपैकी अली हुसेन यांचे नाव पक्षिशास्त्राच्या वर्तुळात आदराने घेतले जाते. पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी शिकलेली विद्या इथे पक्ष्याला इजा न करता पकडण्याच्या कामी आली. पुस्तकी ज्ञान आणि पारध्याचे ज्ञान एकाच तंबूत बसल्याचे हे उदाहरण आपल्या विज्ञानाच्या इतिहासात विरळाच आहे.

पुढे या कामाला अमेरिकी लष्कराच्या पैशाची जोड मिळाली. पूर्व व आग्नेय आशियात एलियट मॅक्क्लूअर यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या विस्तृत पाहणीचा तो भाग होता. त्या पाहणीत एकूण दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या. शीतयुद्धाचा तो काळ. विषाणू, पक्षी आणि परकीय लष्कर हे तीन शब्द एकत्र येताच जैविक युद्धाची शंका डोके वर काढणार, हे उघड होते. १९७०च्या दशकाच्या मध्यास प्रकरण वर्तमानपत्रांतून संसदेत पोहोचले आणि लोकलेखा समितीने परकीय मदतीने चालणाऱ्या अशा संशोधनावर परखड ताशेरे ओढले. परदेशी सहकार्याकडे साशंकतेने पाहण्याची सवय त्यानंतर दीर्घकाळ टिकली.

मूळ प्रश्नाचे काय झाले? स्थलांतरी पक्ष्यांनी हा रोग भारतात आणल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढच्या अभ्यासकांनी जंगलतोड आणि जंगलात शिरलेली गुरांची चराई यांकडे बोट दाखवले. रोगाच्या बाजूने पाहिले तर शोध निष्फळ ठरला. पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर कोणती जात कोठून येते आणि दरवर्षी त्याच जागी परतते का, याची देशातील पहिली मोठी नोंद याच निष्फळ शोधातून हाती आली.

याच काळात आसामच्या डोंगरातील जातिंगा गावाची कथा जगापुढे आली. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या चांदणे नसलेल्या रात्री, धुके आणि वारा असताना, गावाच्या सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात पक्षी दिव्यांकडे झेपावत आणि खाली पडत. गावकऱ्यांना ती भुतांची करणी वाटे. ते बांबूंनी पक्षी मारत. चहामळ्यांत काम करणारे निसर्गअभ्यासक ई. पी. गी यांनी ही घटना बाहेरच्या जगाला कळवली. वर्तमानपत्रांनी तिला ‘पक्ष्यांची आत्महत्या’ असे नाव दिले, आणि ते चुकीचे नाव आजही पिच्छा सोडत नाही.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे सुधीर सेनगुप्ता तिथे गेले. पडलेल्या पक्ष्यांची नावे लागू लागली, तसे गूढ आपोआप विरत गेले. ढोकरी, छोटे बगळे, खंड्या, नवरंगाच्या कुळातले पक्षी: बरेचसे त्याच प्रदेशातले, आणि त्यांत पाणथळींत राहणारे पुष्कळ. उत्तरेकडून येणारे लांब पल्ल्याचे पाहुणे त्यांत जवळजवळ नव्हतेच. पुरांनी जागा सोडायला लावलेले पक्षी धुक्यात दिशा हरवून दिव्याकडे ओढले जातात, असा उलगडा बहुतेक अभ्यासक मान्य करतात. नाव लावणे या प्राथमिक वाटणाऱ्या कामाने इथे एका दंतकथेला उत्तर दिले. भुतांचा आरोप पुसला गेला, आणि दिव्यावरचा आरोप मात्र पक्का झाला.

पुढे पक्ष्याच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र आले आणि कडीच्या दोन टोकांमधली रात्र उजळली. ओडिशाच्या चिलिका सरोवरावर आणि तमिळनाडूतील कूनथनकुलम येथे पट्टकदंबांवर अशी यंत्रे बसवली गेली. हेच पक्षी हिवाळ्यात जायकवाडी आणि उजनीच्या पाण्यावरही उतरतात. दिवसा दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार घेऊन ते हिमालय ओलांडत असावेत, असा तर्क होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो उलटवला. हे पक्षी बहुधा रात्री आणि पहाटे, हवा थंड आणि घन असताना, स्वतःच्या पंखांच्या बळावर पर्वत चढतात. नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली अमूर ससाण्यांची प्रचंड शिकार उघडकीस आली. दुसऱ्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली आणि ‘नागा’, ‘वोखा’, ‘पांगती’ अशी नावे दिलेले तीन ससाणे यंत्रासह सोडण्यात आले. दिवस-रात्र न थांबता ते अरबी समुद्र पार करून आफ्रिकेकडे गेले.

उपग्रहालाही मर्यादा आहेत. यंत्राचे वजन पक्ष्याच्या वजनाच्या काही टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. साठेक ग्रॅमच्या नवरंगाला ते ओझे अवघडच. त्याहून चिमुकल्या वटवट्यांचा तर प्रश्नच नाही. हाका ऐकून जात ओळखता येते, पण मूक पक्षी निसटतात. रडार लाखो पक्षी मोजते, पण त्यांची नावे सांगत नाही. म्हणून जिथे हे काम नेटाने होते, तिथे ही साधने एकमेकांना जोडलेली असतात. अमेरिकेत हवामान रडारांच्या जाळ्यावरून आज रात्री किती पक्षी उडतील याचे अंदाज प्रसिद्ध होतात, आणि त्यांवरून शहरांना उंच इमारतींचे दिवे मालवण्याचे आवाहन केले जाते.

आपल्याकडे पहिले आधुनिक डॉप्लर हवामान रडार २००२ साली चेन्नईत कार्यान्वित झाले. त्यानंतर त्यांची संख्या वाढत गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘मिशन मौसम’साठी २,००० कोटी रुपये मंजूर केले, त्यात नवी रडारेही येतात. पक्ष्यांच्या शरीरातले पाणी रडारच्या लहरी परतवते. त्यामुळे स्थलांतराच्या रात्री सूर्यास्तानंतर तासाभरात अशा यंत्रांभोवती पावसाविना प्रतिध्वनींचे वर्तुळ फुलू शकते. हवामानाच्या दृष्टीने तो कचरा, गाळून टाकायचा. कचरा म्हणजे काय, हे प्रश्न विचारणारा ठरवतो. लॅक आणि व्हार्ली यांनी हे दाखवल्याला ऐंशी वर्षे उलटली, तरी पक्ष्यांचा प्रश्न त्या यंत्रांना रोज रात्री विचारणारी देशव्यापी व्यवस्था आपण उभी केलेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरला स्थलांतरी प्रजातींच्या कराराची जागतिक परिषद भरवणाऱ्या देशाला हे शोभत नाही.

दरम्यान रात्र बदलते आहे. जातिंगात जे काम थोड्या दिव्यांनी केले, ते आता प्रत्येक महानगराचे प्रकाशझोत करतात. पवनचक्क्या आणि विजेच्या तारा नव्या वाटांवर उभ्या राहत आहेत. कोणत्या रात्री, कोणत्या उंचीवरून, किती पक्षी जातात हे ठाऊक असेल तर मोजक्या रात्री दिवे मालवून, मोजके तास पाती थांबवून पुष्कळ जीव वाचवता येतील. ठाऊक नसेल, तर हानी झाल्याचेही कळणार नाही.

तोवर जुनी पद्धत आपल्या हाती आहेच. गच्चीवर दमलेला नवरंग दिसला, तर त्याला हवेशीर खोक्यात, अंधारात, शांत ठेवावे. पाणी बळे पाजू नये. महाराष्ट्रात असाल तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि तारीख, ठिकाण, वेळ लिहून ठेवावी. शंभर वर्षांपूर्वी धारच्या बदकाच्या पायातील कडीने अनोळखी माणसाकडे एवढेच मागितले होते.