मुंबई बंदर : शहराच्या सीमांचा विस्तार

मुंबई शहराची जुनी हद्द माहीम व शीव येथे खाडीपाशी संपत असे. पलीकडचे साष्टी बेट इंग्रजांनी १७७४ मध्ये मराठ्यांकडून घेतले. सालबाईच्या तहाने (१७८२) तो ताबा कायम झाला.

बांधरस्ते : शीवचा बांध गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकीर्दीत झाला (काम सुरू १७९८). माहीमहून वांद्र्यास जाण्यासाठी मात्र पुढील चार दशके होडीच होती. सरकार खर्च उचलेना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. या वाटेवर पथकर घेऊ नये, अशी त्यांची अट होती. १८४५ मध्ये हा बांध वाहतुकीस खुला झाला. होडीच्या अपघातामुळे त्यांनी ही देणगी दिली, असे सांगितले जाते. बांध व नंतरचे भराव यांमुळे खाडीत गाळ साचत गेला आणि धारावी कोळीवाड्याची मासेमारी खालावली. बांधांच्या इतिहासात ही हानी देणगीइतक्याच ठळकपणे नोंदवली पाहिजे.

सीमेवरील व्यवसाय : शहराला जवळ नको असलेले व्यवसाय हद्दीवर नेण्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धारावीत कातडी कमावण्याचे कारखाने निघाले. कुर्ला–चेंबूर लोहमार्ग आरंभी कचऱ्याच्या गाड्यांसाठी टाकला होता. प्रवासी त्यावरून १९२४ पासून जाऊ लागले. देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. वांद्र्याचा कत्तलखानाही १९७१ मध्ये तेथेच हलला. वस्ती पुढे सरकली की हे व्यवसाय पुन्हा शहराच्या मध्ये येतात. धारावी आज मध्यवर्ती आहे.

पूर्व किनारा : पोर्ट ट्रस्टने (स्थापना १८७३) माझगाव–शिवडी पट्ट्यात समुद्र बुजवून गोद्या, वखारी व रेल्वे यांसाठी जमीन मिळवली. कुलाब्याचा कापूस बाजारही शिवडीकडे गेला. १९५४–५५ मध्ये तुर्भे–माहूल भागात तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तेथील प्रदूषण आणि माहूलमधील पुनर्वसन वसाहत हे विषय वादग्रस्त आहेत.

उत्तर सीमा : महापालिकेची हद्द १९५० व १९५७ मध्ये वाढून दहिसर व मुलुंडपर्यंत गेली.

खाडीपलीकडे : नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर कंटेनर वाहतूक तिकडे वळली. शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जाणारा सुमारे २२ किमी लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला.