शाळेतला फाटा आणि मतपेटी



कल्याण स्टेशनाच्या पुढे रेल्वेला फाटा फुटतो. एक गाडी कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. इंग्रजी अमदानीत आपल्या शाळांनाही असाच फाटा होता, आणि तो लागायचा चौथीला. मराठी चौथी झाली की ठाणे-कल्याणातल्या, चार पैसे गाठीला असलेल्या घरचा मुलगा इंग्रजी पहिलीत जाई आणि पुढे मॅट्रिक होई. खेड्यातला मुलगा फार झालं तर सातवीची ‘फायनल’ देऊन शिक्षक नाहीतर तलाठी होई. बहुतेकांची शाळा त्याआधीच सुटे.

१८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे यावरच बोट ठेवलं. महसूल शेतकऱ्याच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचं गाऱ्हाणं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी.

भेद नुसता नोकरीचा नव्हता. १९३७ च्या निवडणुकीत मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण अशा पात्रतेवर होता. म्हणजे शाळेने ज्याला मागे ठेवलं, त्याला मतपेटीपाशीही बहुधा मज्जावच! राज्यकारभार हे शिकलेल्यांचं काम, आपलं नव्हे, असं खेड्यातल्या माणसाला वाटलं तर नवल काय? १९५० च्या घटनेने हा अडसर काढला. १९५१-५२ च्या निवडणुकीत अंगठा उठवणाऱ्याचं मत आणि वकिलाचं मत एकाच मापाचं ठरलं.

शाळेतला फाटा मात्र सरकला, मोडला नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण सुचवलं. आपले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. तरी गुणांवरून ‘अ’ आणि ‘ड’ तुकड्या पाडण्याची रीत कित्येक शाळांत राहिली. दहावीनंतर कोणी विज्ञानाला, कोणी आयटीआयला जातो. राज्यशास्त्र मुख्यतः कला शाखेकडे उरतं. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत मात्र सगळ्यांनाच आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, नागरिकशास्त्र मूल पुस्तकाइतकंच वागणुकीतून शिकतं. सभेत बोलायचं ‘अ’ तुकडीने आणि बाकं उचलायची ‘ड’ तुकडीने, असं दहा वर्षे चाललं, तर तोच मुलगा उद्या ग्रामसभेत उभा राहून हिशेब कसा विचारील? गणितापुरत्या तुकड्या करा हवं तर. पण शाळेची निवडणूक, सभा आणि श्रमदान यांत सगळी मुलं एकत्र असू द्यात. गणितात मागे असलेला मुलगा न्याय-अन्याय ओळखण्यात मागे असतोच, असं नाही.