मेंदूतील इजा व लक्षणे यांचे आलेखन
मेंदूच्या कोणत्या भागास इजा झाली असता कोणते कार्य बिघडते, हे रुग्णांच्या तुलनेने ठरविण्याची पद्धती. तिचा उगम फ्रेंच शल्यचिकित्सक पॉल ब्रोका (१८२४–८०) यांच्या निरीक्षणात आहे. पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयात २१ वर्षे राहिलेला लबोर्न हा रुग्ण बहुधा ‘तां’ एवढेच उच्चारीत असे. एप्रिल १८६१ मध्ये त्याच्या शवपरीक्षेत डाव्या ललाटखंडात विकृती आढळली व त्या जागेस पुढे ‘ब्रोका क्षेत्र’ हे नाव पडले. ब्रोका यांनी तो मेंदू न कापता जतन केला, हे अभ्यासकांचे भाग्यच. २००७ मध्ये त्याच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा घेतल्या, तेव्हा इजा खोल तंतूंपर्यंत व इन्सुला ह्या आतील भागापर्यंत गेलेली दिसली.

१९७० नंतरच्या दशकात सीटी स्कॅनमुळे जिवंत रुग्णाच्या मेंदूतील इजा दिसू लागली. एखादे क्षेत्र निवडून त्यात इजा असलेल्या व नसलेल्या रुग्णांची तुलना करणे त्यामुळे सुलभ झाले. अशा निष्कर्षाचा अर्थ लावणे मात्र अवघड असते. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत. पाण्याच्या तक्रारी ‘राजारामपुरी’ एवढ्याच नावाने नोंदविल्या, तर दोष एका गल्लीत की सर्वत्र, हे कळणार नाही. गल्लीवार नोंदविल्या, तरी एकाच नळावरील दोन गल्ल्या बरोबरच कोरड्या पडतील. मेंदूत ह्या नळाची जागा रोहिणी घेते. मध्य मस्तिष्क रोहिणी तुंबली की ब्रोका क्षेत्र व इन्सुला ह्या दोहोंना अनेकदा एकदमच इजा होते.

वाद उद्‌भवला तो येथेच. १९९६ मध्ये नीना ड्रंकर्स यांनी उच्चाराच्या हालचालींची जुळणी बिघडलेले २५ रुग्ण तपासले. सर्वांच्या इन्सुलेच्या एकाच भागास इजा होती आणि तो दोष नसलेल्या १९ जणांत तो भाग शाबूत होता. पुरावा निर्णायक वाटला. तथापि २००४ मध्ये आर्गी हिलिस व सहकाऱ्यांनी उलट दिशेने शोध घेतला. त्यांनी इन्सुलेला इजा झालेले ४० व न झालेले ४० रुग्ण झटक्यानंतर लगेच तपासले. दोषाचा संबंध इन्सुलेशी न जुळता ब्रोका क्षेत्राशी जुळला. रुग्ण लक्षणावरून निवडले की इजेवरून, आणि झटक्यानंतर किती काळाने तपासले, यांवर उत्तर बदलते, असे यावरून दिसते.

एलिझाबेथ बेट्स व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १०१ रुग्णांच्या प्रतिमांतील प्रत्येक सूक्ष्म घनाची स्वतंत्र तुलना केली. ही पद्धती क्षेत्र आधी निवडण्याच्या आग्रहातून मुक्त असली, तरी रोहिणीच्या बंधनातून नाही : ५८१ रुग्णांवरील २०१४ च्या अभ्यासात ती खरे स्थान सोडून शेजारी बोट दाखविते, असे आढळले. म्हणून निवडक क्षेत्राचा निष्कर्ष देताना ते क्षेत्र आधी ठरविले होते काय, इजेचे एकूण आकारमान विचारात घेतले काय व त्या क्षेत्रात इजा असलेले रुग्ण किती होते, हे नमूद करतात. असे रुग्ण तीन-चारच असतील, तर ‘संबंध आढळला नाही’ ह्या निष्कर्षावरून त्या क्षेत्राचे कार्य नाकारता येत नाही.